एक अंशाचा बाक

वर्लिननं पोटावर झोपून हात लांबवला, कोनमापक एंजिनच्या तोंडावर टेकवलं आणि काटा थरथरायचा थांबेपर्यंत श्वास रोखून धरला. काटा चार अंशांवर थांबला.

"चार," तो म्हणाला.

"चार," डॅरानं बोटीच्या नाकाकडून म्हटलं आणि भिंतीवरच्या फळ्यावर खडूनं आकडा लिहिला.

वर्लिन कोपरांवर सरकत पुढे गेला. एकोणसत्तराव्या वर्षी माणसानं असं बोटीच्या पोटात सरपटू नये, असं त्याचे गुडघे त्याला सांगत होते, पण गुडघ्यांचं त्यानं आजवर ऐकलं नव्हतं. पुढच्या गिअरबॉक्सच्या तोंडावर त्यानं कोनमापक लावलं. तिथंही चार. हेही बरोबर होतं. मागचं एंजिन आणि पुढचा गिअरबॉक्स सारखेच कलले पाहिजेत, हा पहिला नियम. उरला तो दोघांना जोडणारा शाफ्ट. हा शाफ्ट चालवणाऱ्याच्या उजव्या मांडीला लागूनच पुढे जातो. मूळचा तुटलेला होता, म्हणून वर्लिननं मांडणीवरचा एक जुना शाफ्ट मोजण्यापुरता बसवून घेतला होता.

शेडचे पत्रे आत्ताच तडतडायला लागले होते. सकाळचे आठ वाजत होते आणि नदीवरून येणारा वारासुद्धा चुलीपुढून आल्यासारखा येत होता. कूलर नुसताच आवाज करत होता.

डॅरा काल संध्याकाळी फोन न करता आली. पिकअपच्या मागं ताडपत्री घातलेली बोट होती. ताडपत्री कुणी काढायच्या आधीच वर्लिननं ओळखलं होतं. आईची किंवा स्वतः बांधलेल्या बोटीची ठेवण माणूस कांबळ्याखालूनही ओळखतो. नऊ वर्षं ती डॅराच्या आईच्या, लोरीनच्या गोठ्यात कुलपात होती. बाजूवर लाल अक्षरांत अजून 'लोरीनचा राग' लिहिलेलं होतं. डॅराच्या बापानं, डॉयलनं हे नाव ठेवलं तेव्हा बायकोनं त्याला दोन दिवस जेवायला वाढलं नव्हतं, आणि तो सगळ्या नदीकाठाला सांगत फिरला होता की बघा, नाव किती चपखल आहे.

"गिऱ्हाईक मिळालंय," डॅरा म्हणाली होती. "नवा शाफ्ट टाकायचा, कोन लावून द्यायचे. पण काही खोलायच्या आधी मोजा. आहे तसं मोजा."

लहानपणी ही पोर त्याला अरे-तुरे करायची. त्याच्या बाकाखाली बसून कुत्र्याला नट-बोल्ट मोजून दाखवायची. आता चोवीस वर्षांची झाली होती, आणि 'तुम्ही' म्हणत होती. बापासारखी लांब, बापासारखीच डाव्या खांद्यानं जरा वाकलेली. वर्लिननं तिला नाही म्हणायला तोंड उघडलं होतं, कारण शर्यतीच्या बोटी त्यानं नऊ वर्षांत बांधल्या नव्हत्या. म्हाताऱ्यांच्या मासेमारीच्या बोटींना एंजिनं बसवून देण्यावर त्याचं चाललं होतं. पण तोंडातून शब्द निघाला तो "ट्रेलर आत घे" असा.

आता त्यानं शाफ्टवर कोनमापक ठेवलं. काटा हलला, थांबला.

त्यानं ते उचललं, शर्टाला पुसलं, पुन्हा ठेवलं. मग उठून पाणसळ आणली, बोटीच्या तळाला लावून पाहिली. बुडबुडा बरोबर मध्ये होता. बोट सपाट होती. तो पुन्हा आडवा झाला.

"किती?" डॅरानं विचारलं. तिच्या हातातला खडू फळ्याला टेकलेला होता.

"थांब जरा. या काचेला घाण लागलीय." वर्लिन म्हणाला. "ए पोरी, तू खाल्लंस का काही?"

"नाही."

"मग धरणाच्या वाटेवर ती निळी गाडी उभी असते ना, तिथून दोन अंड्याचे बरीटो आण. माझ्यात हिरवी मिरची जास्त सांग. उपाशी पोटी मला आकडे दिसत नाहीत."

डॅरानं त्याच्याकडे जरा वेळ पाहिलं. मग खडू ठेवला, हात पँटला पुसले आणि ती गेली. पिकअप वाळूवरून रस्त्याला लागेपर्यंत वर्लिन तसाच पडून राहिला.

काटा चारावर होता. एंजिन चार, शाफ्ट चार, गिअरबॉक्स चार. सगळं एका ओळीत, सुतात.

बघणाऱ्याला यापेक्षा सुंदर काही दिसणार नाही. डोळ्याला सरळ आवडतं. पण या नदीवर ज्यानं कुणी बोटी बांधल्या आहेत त्याला ठाऊक असतं की शाफ्ट कधी सरळ ठेवायचा नाही. त्याच्या दोन्ही टोकांच्या सांध्यांत सुईएवढ्या बारीक सळ्या असतात, आणि शाफ्ट थोडा बाक घेऊन फिरला तरच त्या आपापल्या जागी लोळत राहतात. एक अंशसुद्धा पुरतो. बाकच नसेल तर सळ्या हलत नाहीत. सगळा जोर एकाच रेघेवर घेत बसतात, लोखंडात रुततात, आणि एका दिवशी सांधा तुटतो. वर्लिननं या बोटीला एक अंशाचा बाक दिला होता. चार, पाच, चार. हे आकडे तो झोपेतही सांगू शकला असता.

की दिला नव्हता?

ही शंका नवी नव्हती. त्या सप्टेंबरातल्या शेवटच्या शर्यतीत सांधा तुटला, सुटलेल्या शाफ्टनं वरचं झाकण फाडलं आणि डॉयलची मांडी उघडली. बोटीला खरचटलंसुद्धा नाही. ती आपली हळूहळू मंदावत गेली आणि धन्यानं लावून ठेवल्यासारखी काठच्या वेतात जाऊन थांबली. बचावाची बोट पोचेपर्यंत उशीर झाला होता. पुरलं त्या दिवशी लोरीनच्या ओसरीवर सगळा गाव जमला होता. वर्लिन हातात ताटली घेऊन उभा होता, आणि ती सगळ्यांसमोर त्याच्याजवळ येऊन म्हणाली, "ती बोट तू बांधलीस, वर्लिन." एवढंच म्हणाली. आवाजसुद्धा चढवला नाही. त्यानं ताटली कठड्यावर ठेवली आणि तो निघून आला. त्यानंतर दुकानात समोरासमोर आले की ती आपली ढकलगाडी दुसऱ्या गल्लीत वळवायची, आणि तिला वळवायला लागू नये म्हणून तो मंगळवारी, तिच्या बाजाराच्या दिवशी, दुकानात जाणंच बंद करून बसला होता.

त्यानं दिवा ओढून घेतला आणि एंजिनच्या पायाखाली प्रकाश टाकला. चारही पायांखाली पॅकिंग होतं.

त्यानं पॅकिंग दिलं नव्हतं.

अॅल्युमिनिअमचे चार तुकडे, बोटाच्या अर्ध्या पेराएवढे जाड. एंजिन तेवढं उचललं गेलं होतं, आणि शाफ्टचा बाक नेमका तेवढाच मेला होता. वर्लिननं बाजूच्या लाकडी तुळईवर प्रकाश नेला. तिथं त्याच्या हातची पेन्सिल अजून होती: चार, पाच, चार. खाली तारीख आणि नावाची दोन अक्षरं. बांधून झालेल्या प्रत्येक बोटीत तो असं लिहून ठेवायचा.

तेव्हा त्याला जे वाटलं ते सांगायलाच हवं. त्याला हलकं वाटलं. नऊ वर्षं छातीवर बसलेलं कुणी उठून गेल्यासारखं वाटलं, आणि तो बोटीच्या तळात पडल्या पडल्या मोठ्यानं हसला. मी नाही. अरे, मी नाही. त्याला वाटलं, असंच उठावं, गाडी काढावी आणि लोरीनच्या दारात जाऊन तिला हाताला धरून इथं आणावं.

मग त्याला उजवीकडच्या मागच्या तुकड्याच्या कडेला एक पन्हळ दिसली.

ती पन्हळ त्याच्या ओळखीची होती. लोरीनचा दोन चुलींवर बसणारा लांब तवा होता, त्याच्या चारही बाजूंनी चरबी उतरायला अशी पन्हळ होती. पंचवीस वर्षं दर रविवारी वर्लिननं त्या तव्यावरचे पॅनकेक खाल्ले होते. तवा हरवला तेव्हा लोरीननं घर डोक्यावर घेतलं होतं. चोरानं नेला असेल, असं डॉयल म्हणाला होता, आणि नवा आणून दिला होता. तो हसू दाबत होता हे वर्लिनला तेव्हाही दिसलं होतं.

त्यानं बोट आत घालून तुकड्याची कड चाचपली. कड गुळगुळीत होती. करवतीनं कापून तशीच सोडलेली नव्हती. वरून, खालून, कोपऱ्यांवर, सगळीकडे कानस मारलेली होती. बोल्टाची भोकंसुद्धा आतून घासलेली होती. डॉयलनं जन्मात कधी कानस हातात धरली नव्हती. त्याला बोट पळवता यायची, एवढंच.

कड अशी मारायची की लहान मुलाचं बोट फिरलं तरी कापता कामा नये. हे वर्लिन एकाच माणसाला शिकवून बसला होता. ती तेव्हा पंधरा वर्षांची होती.

तो हसायचा कधीच थांबला होता. कूलरमधून पाणी ठिबकत होतं. ती परत यायला अर्धा तास लागणार होता, फार तर पाऊण.

तो उठला तेव्हा गुडघ्यांनी काही म्हटलं नाही. छतावरची साखळी त्यानं खाली ओढली, एंजिनला अडकवली, चारही बोल्ट सैल केले. एंजिन बोटभर वर घेतलं, तुकडे एकेक करून काढले, एंजिन पुन्हा खाली बसवून बोल्ट आवळले. हातांना काम पाठ होतं. तुकडे चिंध्यांत गुंडाळून हत्यारांच्या पेटीत तळाशी ठेवले. मग शाफ्टवर कोनमापक टेकवलं. काटा पाचावर आला. नऊ वर्षांपूर्वी त्यानं लावून दिला होता अगदी तसा.

त्यानं फळ्यावर तिच्या दोन चारांच्या मध्ये पाच लिहिला आणि बाकावर जाऊन बसला.

डॅरा आली, कागदात गुंडाळलेले बरीटो तिनं बाकावर ठेवले. तिचं फळ्याकडे लक्ष गेलं, मग छतावरून लोंबणाऱ्या साखळीकडे. साखळी अजून हलकेच हलत होती.

"पाच?" ती म्हणाली.

"पाच. चार, पाच, चार. कोन ठीक होते." वर्लिननं बरीटोचा कागद सोडायला घेतला आणि तसाच ठेवला. "चूक दुसरीकडंच होती. तुला सांगतो, तुझ्या आईलाही खुशाल सांग. सांधा मी जुना घातला होता. दुसऱ्या एका बोटीतला काढलेला. नवा यायला आठवडा लागणार होता, आणि तुझ्या बापाला घाई. मला दिसत होतं की तो झिजलाय. तरी घातला."

उभ्या आयुष्यात वर्लिननं कुणाच्या बोटीत जुना सांधा घातला नव्हता. असं करणाऱ्या माणसाशी तो बोलतही नसे. हे शब्द त्यानं जिभेवरून खडे ढकलावेत तसे एकेक करून बाहेर ढकलले.

 डॅरानं शर्टाच्या खिशातून एक प्लास्टिकची पिशवी काढली आणि त्याच्यापुढं बाकावर ठेवली. आत अधिकाऱ्यांचं पिवळं पडलेलं लेबल होतं आणि सांध्याच्या आतला लोखंडाचा एक तुटका क्रॉस.

"बाबांचं घड्याळ, चष्मा आणि हा. अपघातानंतर परत मिळालेली ती थैली आईनं कधी उघडली नाही. मी मार्चमध्ये उघडली."

वर्लिननं तो हातात घेतला. एका बाजूनं तुटलेला होता. उरलेल्या तीन टोकांवर बारीक समांतर रेघा होत्या, एकीशेजारी एक, कुणी मुद्दाम कोरल्यासारख्या. सळ्या जिथं बसल्या तिथंच रुतल्या होत्या. झीज दुसरी कसलीच नव्हती. बनवणाऱ्याचा ठसासुद्धा कोरा करकरीत होता.

"मी युमाला विमानतळाच्या वर्कशॉपमध्ये लागले, ठाऊक असेल तुम्हाला," ती म्हणाली. "तिथं पहिल्या महिन्यात शिकवतात. शिकवणाऱ्यानं असाच एक क्रॉस फिरवला सगळ्यांत. म्हणाला, या रेघा दिसल्या की समजा, कुणीतरी शाफ्ट सरळ ठेवला होता. बाकीची पोरं पुढच्या पानावर गेली. मी त्याच पानावर राहिले."

"पोरी—"

"मग रजा काढून घरी आले आणि गोठ्यात जाऊन शाफ्टच्या जागी दोरी ताणून मोजलं. चार वेळा मोजलं." ती फळ्यापाशी गेली. तळहातानं तिनं पाच पुसला आणि त्या जागी चार लिहिला. आकडा जरा मोठा आला. "असं होतं. तुम्ही मोजलंत तेव्हाही असंच होतं. तुमचा चेहरा दिसला मला."

वर्लिननं हातातला क्रॉस बाकावर ठेवला. 

"त्या वर्षी मे महिन्यात एंजिन काढून उघडलं होतं, आठवतंय? तू तुझ्या बहिणीकडं गेला होतास. बाबांची पाठ धरलेली. मी म्हटलं, एंजिन मी बसवते. बसवलं, आणि बघितलं तर शाफ्ट वाकडा." तिचा आवाज अजून बरा होता, पण फळ्याला टेकलेल्या हाताची बोटं पांढरी झाली होती. "मला वाटलं, वर्लिनकाकाच्या हातून राहून गेलं. मला इतका आनंद झाला, काय सांगू. तुझी चूक मी शोधली! तवा कापला, दोन दिवस कानस मारत बसले. बाबा जमिनीवर आडवे पडले, एक डोळा मिटून बघितलं आणि म्हणाले, सुतासारखं झालंय गं. तू आलास की तुला दाखवायचं ठरलं होतं. मग शर्यती सुरू झाल्या, राहून गेलं."

ती रडत नव्हती. रडली असती तर वर्लिनला काहीतरी करता आलं असतं.

"डॉयलनं पाहिलं होतं," तो म्हणाला. "बोट त्याची होती. त्यानं मला एक फोन करायचा."

"त्यांना काय कळत होतं? ते माझ्यावर विसंबले. आणि मी तुझ्याकडं शिकलेली."

पत्रे तडतडत होते. बाहेर नदीवरून कुणीतरी बोट पळवत गेलं.  एंजिन कुणाचं, किती जोरात, हे दोघांनाही न बघता कळलं असतं.

"आई अजून तुझ्याबद्दल बोलते," डॅरा म्हणाली. "परवासुद्धा बोलली. मी समोर बसून बटाटे सोलत होते. मार्चपासून मी तिच्यासमोर बसते आणि ऐकते. मला वाटलं, तू मोजशील. तू मोजलंस आणि मला तोंडावर सांगितलंस, की मग मला तिला सांगता येईल. आणि तू काय केलंस? जुना सांधा!" ती हसल्यासारखी झाली. "तू? जुना सांधा?"

"तुला कळू नये असं वाटलं."

"कळलंय, काका."

तिनं हात पुढं केला. तळवा वर, बोटं थोडी वाकवलेली. लहानपणी पाना मागताना ती असाच हात पुढं करायची.

"तवा दे," ती म्हणाली. "आईला द्यायचाय."

वर्लिन पेटीपाशी गेला. चिंध्या बाजूला करून त्यानं तुकडे काढले आणि एकेक करून तिच्या हातावर ठेवले. एक, दोन, तीन. चौथा पन्हळीचा होता. तो त्यानं तसाच मुठीत धरला, आणि अंगठा कडेवरून फिरवत राहिला.

"चार होते," डॅरा म्हणाली.

"हा माझ्याकडं राहू दे."

"का?"

"कडा मारायला मी तुला शिकवलं. पाणसळ लावायला, बोल्ट कोणत्या क्रमानं आवळायचे, सगळं शिकवलं." तो थांबला. "बाक कशाला लागतो, ते पुढच्या उन्हाळ्यात सांगू म्हटलं होतं. म्हटलं, अजून लहान आहे, एवढ्यात कशाला डोकं शिणवायचं. तेवढं एकच राहिलं."

डॅरानं त्याच्याकडे पाहिलं, मग हातातल्या तीन तुकड्यांकडे.  तुकडे तिनं चिंधीत नीट गुंडाळले, कोपऱ्यावर कोपरा घेऊन, आणि पिकअपकडे चालू लागली. दारात ती वळली.

"आई या वेळी घरीच असते," ती म्हणाली. "मला एकटीला नाही जमणार. चल."

वर्लिननं टोपी शोधली. ती डोक्यावरच होती. तुकडा त्यानं शर्टाच्या खिशात टाकला, कूलर बंद केला आणि लंगडत जाऊन तिच्या शेजारी बसला. रस्ता दोघांनाही पाठ होता. वळणावळणावर खिशातला तुकडा त्याच्या छातीवर आपटत होता, आणि तो एका हातानं त्याला धरून होता. लोरीनच्या दारापुढं गाडी थांबली तेव्हा पडदा हलला. ती बाहेर आली, पायरीवर उभी राहिली आणि वर्लिनला पाहून आत वळायला निघाली.

"आई," डॅरानं खिडकीतूनच हाक मारली, "तवा सापडला."